माळावरचा रातवा

(द्वितीय वर्ष, कला)

एखाद्या पक्ष्यावर लेख लिहावा, इतका काही माझा पक्ष्यांचा अभ्यास नाही. मी मराठी विषय घेऊन बी. ए. करीत आहे, आणि शास्त्र शाखेच्या इमारतीत मी आजवर फक्त फी भरण्यासाठी गेलो आहे. तरीही हा लेख मला लिहावासा वाटला. त्याला कारण झाले आपल्याच महाविद्यालयाचे वृक्षारोपण.

गेल्या जूनच्या अखेरीस राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आम्ही पन्नास-एक विद्यार्थी झाडे लावण्यास गेलो होतो. ते गाव माझेच होते. गावाच्या पूर्वेला जे गायरान आहे, तेथे चारशे खड्डे घ्यायचे ठरले होते. दोन पाऊस होऊन गेले होते, पण मुरूम कसला ऐकतो! टिकाव मारला की ठिणगी उडे. मी गावचा म्हणून थोडा पुढे पुढे करीत होतो. एका ठिकाणी टिकाव उचलला आणि माझ्या पायापासून हातभर अंतरावरची माती एकाएकी उडाली. म्हणजे ती माती नव्हती, पाखरू होते. ते जमिनीलगत पाच-सहा हात गेले आणि पडले. एक पंख लोंबत होता. ते पुन्हा उठले, पुन्हा पडले. “अरे, पांगळं आहे, धरा!” असे म्हणत आमच्यापैकी चार-पाच जण मागे धावले. ते पाखरू त्यांना खेळवत खेळवत दूर ओघळीपर्यंत घेऊन गेले आणि तेथून सरळ, दोन्ही पंखांनी, उडून गेले. सगळे हसले. आमचे सरही हसले. मी पुन्हा टिकाव मारला.

दुसऱ्या घावानंतर मला अंडे दिसले. फुटलेले होते. फिकट गुलाबी कवच, त्यावर विटकरी डाग. दुसरे अंडे मातीखाली गेले असावे. मी हाताने माती चाळली, पण सापडले नाही. घरटे म्हणून तेथे काही नव्हतेच. ना काडी, ना पीस. नुसती जमीन.

त्या पाखराचे नाव मला ठाऊक नव्हते. घरी विचारले तेव्हा आजी म्हणाली, “आरं, ते रातचं पाखरू. दिसतंय कुठं? नुसतं वरडतंय.” ग्रंथालयात डॉ. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक आहे. १९४१ साली ते प्रथम निघाले. ग्रंथपालांनी ते मला तेथेच बसून पाहू दिले. (ते घरी देत नाहीत.) पाने उलटता उलटता ते पाखरू सापडले. मराठीत त्याला रातवा म्हणतात. हा शब्द मी पूर्वी ऐकला होता, पण पक्षी म्हणून नव्हे, तर मारुती चितमपल्ली यांच्या पुस्तकाचे नाव म्हणून. ज्यांनी आम्हा मराठीवाल्यांना अरण्य वाचायला शिकविले, ते चितमपल्ली जून २०२५ मध्ये सोलापुरात निवर्तले.

रातवा म्हणजे काही एकच पक्षी नव्हे. जगात या कुळाच्या सुमारे शंभर जाती आहेत. रात्री हिंडतो म्हणून पुष्कळांना तो घुबडाचा भाऊ वाटतो, परंतु शास्त्रज्ञांच्या मते तो पाकोळ्यांच्या अधिक जवळचा आहे. आपल्याकडे याच्या तीन-चार जाती आढळतात. जंगलात राहतो तो निराळा, शेताच्या बांधाकडेला झुडपांत राहतो तो निराळा. मोकळ्या माळावर, खडकाळ टेकाडांवर आणि विरळ झुडपांच्या गवताळ रानात राहणाऱ्या जातीला फ्रँकलिनचा रातवा म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत त्याला सॅव्हाना नाइटजार असेही नाव आहे. तोच आमच्या गायरानावरचा.

हा फ्रँकलिन कोण? ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत जेम्स फ्रँकलिन नावाचा एक अधिकारी होता. उत्तर ध्रुवाकडे जाऊन नाहीसा झालेला प्रसिद्ध दर्यावर्दी सर जॉन फ्रँकलिन याचा हा भाऊ. गंगेचा काठ आणि विंध्याचे डोंगर या भागांत त्याने जे पक्षी गोळा केले, त्यांचे वर्णन १८३१ साली प्रसिद्ध झाले. त्यात हा रातवा होता. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, कर्नल साईक्स याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. साईक्सला मुंबई सरकारने दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमले होते. माणसे, पिके, कर यांची मोजदाद करता करता त्याने पक्षीही मोजले. त्यातही एक रातवा आहे, आणि त्याचे शास्त्रीय नाव वाचून मी खुर्चीत सरळ झालो: कॅप्रिमुल्गस मराठेन्सिस. मराठ्यांच्या मुलखातला रातवा! गंमत अशी की हा पक्षी मूळचा सिंध-राजस्थानकडच्या वाळवंटी प्रदेशातला. आपल्याकडे तो हिवाळ्यात पाहुणा म्हणून येतो. पाहुण्याला घराचे नाव मिळाले आणि घरच्याला फ्रँकलिनचे, असा हा प्रकार झाला.

आता नावाचा पहिला भाग पाहू. कॅप्रिमुल्गस हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ होतो ‘शेळी पिळणारा’. याची कथा फार जुनी आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्राण्यांविषयी ग्रंथ लिहिला, त्यात हा पक्षी येतो. तो शेळ्यांच्या कासेला तोंड लावून दूध पितो, मग ती शेळी आटते आणि आंधळी होते, असे लोक म्हणतात, असे त्याने नोंदविले आहे. पुढे रोमन ग्रंथकार प्लिनी याने तेच सांगितले. दोन हजार वर्षे ही गोष्ट चालली आणि १७५८ मध्ये लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञाने प्राण्यांना नावे दिली तेव्हा ती या पक्ष्याला कायमची चिकटली.

आमच्या घरी सात शेळ्या आहेत. माझी शाळा, माझे जेवणाचे डबे आणि या महाविद्यालयाची पहिली फी शेळ्यांवर झाली आहे, त्यामुळे हा विषय आमच्या घरचाच. मी आजीला ॲरिस्टॉटलचे म्हणणे सांगितले. ती हातातली कासांडी खाली ठेवून हसली. म्हणाली, “त्यानं शेळी पिळली न्हाय वाटतं कधी. आरं, करडू दुसऱ्याचं आसलं तर ती सडाला लागू देत न्हाय, पाखराला देईल व्हय? लाथ घालील.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “शेळ्या रातच्याला बसत्यात तितं ते पाखरू येतं, ते खरं. चिलटं आसत्यात ना.”

मला वाटते, ॲरिस्टॉटलला जे सुटले नाही ते आजीने दोन वाक्यांत सोडवले. शेळ्यांच्या अंगाभोवती, लेंड्यांवर किडे जमतात आणि किडे खाण्यासाठी रातवा तेथे येतो. एखादी शेळी आटली, तिची कास सुजून दगडी झाली, तर तो कासेचा रोग असतो. पण सकाळी आटलेली शेळी आणि रात्री दिसलेले पाखरू यांची सांगड घालायला माणसाला वेळ लागत नाही. आणखी एक कारण असावे. या पक्ष्याचे तोंड. मिटलेली चोच पाहिली तर ती इवलीशी, दाण्याएवढी वाटते. पण तो आ करतो तेव्हा तोंड पार डोळ्यांच्या मागपर्यंत फाटते. एवढे तोंड कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. ते आहे उडत्या किड्यांसाठी. पतंग, भुंगेरे, पंख फुटलेली वाळवी, असे जे जे संध्याकाळी उडते ते तो उडता उडताच गिळतो. तोंडाच्या दोन्ही बाजूंना राठ केसांसारखी पिसे असतात. शेतात हुमणी झाली की आमच्याकडे कपाळाला हात लावतात. ती हुमणी ज्या भुंगेऱ्यांची, ते पहिल्या पावसानंतर संध्याकाळीच बाहेर पडतात. रातवा त्यांतले किती खातो हे मला कोणत्या पुस्तकात मिळाले नाही, पण त्या वेळी तो त्याच हवेत फिरत असतो, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दिसायला हा साळुंकीपेक्षा थोडा मोठा, सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचा. रंग कोणता म्हणावा? करडा, तपकिरी, मातकट, त्यावर काळ्या बारीक रेघा आणि पिवळसर ठिपके. वाळलेले कुसळाचे गवत, मुरूम, दगडावरचे शेवाळ आणि त्या सगळ्यांची सावली एकत्र कुटली तर जो रंग होईल तो. नर उडाला की मात्र त्याच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि शेपटीच्या कडांना पांढरी पिसे चमकतात. मादीच्या पंखांवरचे पट्टे तांबूस असतात आणि शेपटीत पांढरे नसते. माझ्या पायापासून उडाले ते पांढरे न चमकलेले पाखरू होते. म्हणजे मादी असावी.

पाय अगदी आखूड. चालण्याचे त्याला जमत नाही म्हटले तरी चालेल. मधल्या बोटाच्या नखाला फणीसारखे दाते असतात, पिसे विंचरण्यास. पिसे इतकी मऊ की उडताना आवाज होत नाही. डोळे मोठे, आणि डोळ्यांच्या आत मागच्या बाजूस एक चकाकणारा पडदा असतो. आलेला प्रकाश तो परत फेकतो, त्यामुळे थोडक्या उजेडातही त्याला दिसते. रात्री एस. टी.च्या दिव्यांत रस्त्यावर दोन निखारे दिसतात ते यामुळे. दिवसा हेच डोळे त्याचा घात करतील, म्हणून तो ते मिटून घेतो. पूर्ण नव्हे, एक बारीक फट ठेवतो. त्या फटीतून तो आपल्याला पाहत असतो. त्या दिवशी मी आणि माझे मित्र पाऊण तास त्या जागी वावरत होतो, हसत होतो, कुणी मोबाईलवर गाणी लावली होती. त्या सबंध वेळात ते पाखरू तेथेच बसून आम्हाला पाहत होते, हे मला मागाहून उमगले.

ते आधीच का उडाले नाही? याचे उत्तर मला दक्षिण झांबियातील एका अभ्यासात मिळाले. ट्रोसियान्को, स्टीव्हन्स, स्पॉटिसवुड आदी शास्त्रज्ञांनी तेथे जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची शेकडो छायाचित्रे घेतली आणि शिकारी प्राण्यांच्या डोळ्यांना ती जागा कशी दिसेल याचा हिशेब केला. २०१६ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. टिटवीच्या जातीचे पक्षी धोका दिसताच अंड्यांवरून उठून पळतात. त्यामुळे तेथे अंड्यांचा रंग जमिनीशी किती जुळतो यावर सारे अवलंबून. रातवा पळत नाही. तो शेवटच्या क्षणापर्यंत अंड्यांवर बसून राहतो, म्हणून तेथे पाखराच्या पिसांचा रंग जमिनीशी किती जुळतो यावर अंडी वाचणे अवलंबून. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. प्रत्येक पाखराच्या रंगात थोडा फरक असतो, आणि प्रत्येक पाखरू आपल्या स्वतःच्या रंगाला जुळेल अशीच जागा निवडते. आरशात न पाहता त्याला आपला रंग कसा कळतो, देव जाणे!

म्हणजे आम्ही जेथे खड्डा घेतला ती जागा त्या पाखराने अशीतशी घेतलेली नव्हती. सबंध माळातून ती त्याने स्वतःला लावून पाहिली होती. त्याचे सगळे संरक्षण एका गोष्टीवर होते: न हलणे. आणि ते टिकाव खाली येईपर्यंत हलले नाही. नंतरचे पांगळेपणाचे सोंग हाही त्याचा ठरलेला डाव असतो. शत्रूने आपल्यामागे यावे आणि अंड्यांपासून दूर जावे. कोल्ह्याला, कुत्र्याला तो फसवतो. आमच्यापैकी चौघे-पाच जणही फसले. मी फसलो नाही, मी कामसू होतो, हेच वाईट झाले.

याचा विणीचा हंगाम उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत. अंडी बहुधा दोन. एप्रिल-मेच्या उन्हात आमच्या माळावर अनवाणी पाय ठेववत नाही, तेथे हे पाखरू दिवसभर अंड्यांवर सावली धरून बसते. ऊन फार झाले की ते तोंड उघडून गळ्याची कातडी थरथरवते. कुत्रे धापा टाकून जे करते तेच हे. पिल्ले अंड्यातून निघताना अंगावर मऊ लव घेऊनच येतात आणि लवकरच थोडे सरकू लागतात, त्यामुळे आज येथे तर उद्या चार हातांवर. या कुळातले सारेच विलक्षण आहेत. अमेरिकेत याचा एक लहान भाऊबंद आहे, पूअरविल नावाचा. १९४६ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील एका डोंगराच्या कपारीत एडमंड येगर या प्राध्यापकाला तो निपचित पडलेला आढळला. अंग गार, जणू मेलेला. तो मेलेला नव्हता, हिवाळाभर झोपला होता. पक्षी असे झोपतात हे तोवर शास्त्राला ठाऊक नव्हते. तेथील होपी जमातीच्या लोकांना मात्र ठाऊक होते. त्यांच्या भाषेत त्याचे नावच ‘झोपणारा’ अशा अर्थाचे आहे. आमच्या रातव्याला अशी चैन नाही.

मी जुलै-ऑगस्टमध्ये गावी गेलो की संध्याकाळी गायरानावर जाऊन बसू लागलो. बरोबर शेळ्या असल्या की कोणी काही विचारीत नाही. नुसता बसलो तर विचारतात. दिवेलागण झाली, पश्चिमेला उजेड उरलेला असला, की पहिला आवाज येतो: ‘चुईप’. चाबकाचा हलका फटका मारावा तसा. थोडा वेळ जातो, पुन्हा ‘चुईप’. मग लांबच्या टेकाडावरून दुसरा. बांधावरच्या लहान रातव्याचा आवाज निराळा, दगड फरशीवर उड्या घेत जावा तसा ‘टुक टुक टुक टुकरर्र’. माळावरच्याचे मात्र एकच अक्षर. हा आवाज मी लहानपणापासून ऐकत होतो आणि तो रातकिड्याचा समजत होतो, हे लिहायला मला लाज वाटते. चांदण्या रात्री हे पक्षी उशिरापर्यंत हिंडतात, अंधाऱ्या रात्री मात्र संध्याकाळ आणि पहाट एवढीच त्यांची शिकार. डोळ्यांनी पाहून किडा धरायचा, म्हणजे उजेड हवाच.

येथे एक प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हा पक्षी दुर्मीळ नाही. जगातून नाहीसा होणाऱ्या पक्ष्यांच्या यादीत तो नाही. भारतापासून इंडोनेशियापर्यंत तो आढळतो. तैवानमध्ये तर त्याने शहरांतील इमारतींच्या सपाट गच्च्यांवर अंडी घालण्यास सुरुवात केली आहे. गच्ची म्हणजे त्याला खडकाळ माळच वाटत असावा! तेथले लोक त्याच्या ओरडण्याने झोप लागत नाही म्हणून तक्रारी करतात. तेव्हा ‘रातवा वाचवा’ अशी घोषणा मी देणार नाही. माझ्या टिकावाने फुटलेल्या एका अंड्याने जगातले रातवे संपणार नव्हते.

मला बोचते ते दुसरेच आहे. आम्ही त्या जागेला ‘मोकळी’ समजत होतो. सरपंच म्हणाले, “पडीक आहे, लावा झाडं.” आमच्या अर्जावर ‘पडीक जमिनीवर वृक्षारोपण’ असे लिहिले होते आणि तो अर्ज माझ्याच अक्षरात होता. मी मराठीचा विद्यार्थी. माळ, माळरान, गायरान, कुरण, टेकाड, पठार, पाणंद, ओघळ, इतके शब्द माझ्या आजीच्या तोंडी आहेत, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. कागदावर आले की त्या सगळ्यांचे मिळून एक ‘पडीक’ होते. ज्या जमिनीचा सारा येत नाही ती पडीक, ही इंग्रजी अमदानीतील महसूल खात्याची व्याख्या. ती आपण अजून वागवतो.

पुष्कळांना वाटते (मलाही वाटत होते) की पूर्वी येथे घनदाट अरण्य होते, माणसांनी ते तोडले, शेळ्यांनी खाल्ले आणि माळ उरला. म्हणून झाडे लावणे म्हणजे गेलेले परत आणणे. परंतु आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याच्या उलट सांगतो. आणि त्यांनी तो कशाच्या आधारे केला? जुन्या मराठी साहित्याच्या! तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांत आणि लोकपरंपरेत पश्चिम महाराष्ट्रातील झाडाझुडपांचे, गवताचे, गुराख्यांचे जे उल्लेख येतात ते त्यांनी गोळा केले. त्यांतील बहुसंख्य वनस्पती माळरानावरच्या, बाभळीसारख्या काटेरी आणि उन्हाच्या आहेत. निष्कर्ष असा की हे माळ निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही माळच होते. जे ग्रंथ आम्ही परीक्षेपुरते वाचतो, त्यांत आमच्या गायरानाचा सातबारा सापडावा, हे वाचून मला फार बरे वाटले. आमच्या वर्गातल्या ज्या मित्रांना ‘मराठी घेऊन काय करणार’ असे घरी विचारतात, त्यांनी हे घरी सांगावे.

माळावर फक्त रातवाच असतो असे नाही. लांडगा, खोकड, ससा, धाविक, चंडोल हे सारे तेथलेच. माळढोक आणि तणमोर आज नामशेष होण्याच्या कड्यावर आहेत, तेही माळाचेच. माळढोकासाठी सोलापूर-नगरकडे १९७९ मध्ये अभयारण्य झाले. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे, ते अवघे पाच चौरस किलोमीटरचे. बाकीचा माळ कोणाचाच नाही, म्हणून तो कारखान्याला जातो, रस्त्याला जातो, आणि काही उरला तर आमच्यासारखे चांगल्या मनाने तेथे झाडे लावतात. जेथे सावली पडते तेथे कुसळ आणि पवन्या यांसारखे उन्हाचे गवत मागे हटते. जेथे फांदी उंचावते तेथे कावळ्याला बसून जमीन न्याहाळायला जागा मिळते. आणि चर व खड्डे यांनी उकरलेल्या पांढऱ्या मुरमावर करडे पाखरू लपणार कसे? हा शेवटचा मुद्दा माझा तर्क आहे, झांबियाच्या अभ्यासावरून केलेला. प्राणिशास्त्राच्या सरांनी तो तपासावा.

शेळ्या मात्र निर्दोष आहेत, असेही नाही. त्यांच्या खुराखाली अंडी जातात. पण चरणीमुळे गवतात जे मोकळे ठिगळ राहते, तेथेच रातवा बसतो, हेही मी पाहिले. गवत कमरेएवढे झाले की तो तेथून निघून जातो. आमची गायरानातली चरणी आता त्या चारशे खड्ड्यांच्या जागी बंद आहे. काटेरी कुंपण घातले आहे. आजी त्याविषयी काही बोलत नाही, फक्त शेळ्या लांबून वळवून नेते आणि तिला अर्धा तास अधिक लागतो. नातवाने स्वतः खड्डे घेतले म्हटल्यावर ती बोलणार तरी काय!

जानेवारीत मी ती रोपे मोजली. चारशेपैकी त्र्याहत्तर जिवंत आहेत. त्यांत ग्लिरिसिडिया जास्त, कारण तिला शेळीही तोंड लावत नाही. कडुनिंब थोडे. गुलमोहर एकही नाही. बाकीच्या खड्ड्यांत कुसळ उगवून वाळले आहे.

येत्या जूनमध्ये गायरानाच्या उरलेल्या निम्म्या भागावर पुन्हा वृक्षारोपण करण्याचे ठरले आहे. मी आमच्या कार्यक्रमाधिकारी सरांना भेटलो आणि हे सगळे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, “अरे, मग आधी का नाही बोललास?” मी म्हणालो, “सर, आधी मला माहीत नव्हते.” ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “लिहून दे. अर्ज दे, आणि अंकासाठीही लिही.” हा लेख त्यामुळे झाला.

अर्जात मी तीन गोष्टी मागितल्या आहेत. पहिली, झाडे ओढ्याच्या दोन्ही काठांनी, शाळेच्या आवारात आणि स्टँडपासून गावापर्यंतच्या रस्त्याच्या कडेने लावावीत. त्या रस्त्याला पूर्वी चिंचा होत्या, रुंदीकरणात त्या गेल्या, आणि तेथे आम्ही उन्हात चालत येतो. दुसरी, गायरानाचा उरलेला भाग आहे तसा सोडावा, आणि कुंपणाच्या आत जी रोपे मेली आहेत तेवढ्या जागेत पुन्हा लावू नयेत. तिसरी, एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत कोणत्याही माळावर टिकाव चालविण्यापूर्वी आदल्या संध्याकाळी चार जणांनी तेथे जाऊन अर्धा तास नुसते गप्प बसावे आणि ‘चुईप’ ऐकू येते का ते पाहावे. या कामाला मी माझे नाव दिले आहे. आणखी तिघे हवे आहेत. मोबाईल बंद ठेवावा लागेल, आणि परतताना अंधार झालेला असेल. परतीची शेवटची एस. टी. सव्वाआठला आहे, ती चुकली तर आमच्या घरी भाकरी आणि झोपायला ओसरी आहे.